पत्ता

त्या खेळात साधं एक पाऊल टाकायचं
तरी हातातला पत्ता खर्ची घालावा लागतो.
आधीच्या खेळांत हाच शिपाई
बटण दाबलं की पळायचा,
भिंतीला पाठ लावून सरकायचा, अंधारात मानगूट धरायचा.
इथं हातात सहा पत्ते,
आणि तो उभा.
तुझ्या हुकमाची वाट बघत.

भरमादादाला नेमकं हेच आवडायचं.
खडेबाजारातल्या रिपेरीवाल्याकडून
अठराशेला घेतलेलं यंत्र, कोपऱ्यात चीर गेलेली काच.
उद्यमबागेतून सेकंड शिफ्ट करून यायचा,
नखांत फौंड्रीची काळी रेती,
आणि वडगावातल्या आमच्या माळ्यावर
पांघरुणाखाली निळा उजेड.
"खेळूलैस काय झोपूलैस?" आई खालून.
"झोपूलोय."
तेही चोरपावलांचंच काम.

मला त्यानंच शिकवलं:
प्रत्येक पत्त्याला वजन असतंय.
बंदुकीचा टाकलीस तर बार उडंल,
खरं तुझी पाळी लांबते,
तोवर पहारेकरी फिरून येतात.
हलका टाक. काहीच नाही जमलं
तर पुठ्ठ्याचं खोकं पांघर आणि बस.
मी म्हटलं, खोक्यात माणूस आहे हे कळत नाही कुणाला?
म्हणाला, हललं नाही तर नाही कळत.

गेल्या दिवाळीपासनं त्याच्या खिशात
दुसरीच गड्डी आली.
बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदाचे तुकडे,
एकेकावर एक शब्द, देवनागरीत लिहिलेलं कन्नड:
बर्री. कूडरी. नीर. नाळे.
ऊटा आतेनरी.
फौंड्रीतलं कन्नड त्याला येतं, शिव्यांसकट.
हे वेगळं. घरात पाटावर बसून बोलायचं.
बाजूला पेन्सिलीनं वजनाचे आकडे.
'नाळे'ला शून्य,
उद्या म्हणायला काय लागतंय.
'मदुवे'पुढं आकडाच नाही,
खोडून खोडून कागद फाटलेला.

मग मला ती चप्पल आठवली.
तीन गल्ल्या पलीकडं ईरप्पांचे चार माग,
त्यांची शिवलीला जाताना
बरोबर आमच्याच दारासमोर
अंगठा सावरायला वाकते.

रविवारी तो गेला. मला सोबत नेलं.
हातात पाव किलो कुंद्याचं खोकं,
लपता येईल एवढं मोठं नाही.
ईरप्पा एका मागावर वाकून तुटलेला धागा जोडत होते,
बाकीचे तीन चालू.
मान वर न करता विचारलं,
मराठीत, आमच्याहून स्वच्छ मराठीत:
"कुठले तुम्ही? पत्ता काय?"

दादाच्या तोंडात तीस पत्ते,
त्यातला एकही या प्रश्नाचा नव्हता.
आमच्या गल्लीच्या पाटीवर दोन लिप्या आहेत.
कुणीतरी येऊन डांबर फासतं,
कधी हिच्यावर, कधी तिच्यावर.
आम्ही पाहुण्यांना पिठाच्या गिरणीपास्नं डावीकडं, असंच सांगतो.

धोटा इकडून तिकडं पळत होता,
दर फेरीला एक पाळी जात होती.
मला वाटलं, बसला हा खोकं पांघरून.
तेवढ्यात त्यानं खिशात हात घातला
आणि अख्खी गड्डी मागाच्या फळीवर ठेवली,
सगळी उताणी.

खेळात असं करता येत नाही.

ईरप्पांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
एकेक तुकडा वाचत गेले, ओठ हलवत.
एकदा हसल्यासारखं वाटलं, 'नीर'वर बहुतेक.
'मदुवे'पाशी आले,
फाटलेल्या जागेत करंगळी घालून बघितली.
"हे असं नाही लिहीत," म्हणाले
आणि कानामागची पेन्सिल काढली.

काय लिहिलं ते मला तिथून दिसलं नाही.
आत कुठंतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज.
दादा मघापासनं तसूभरही हलला नव्हता,
आणि सगळ्यांना दिसत होता.